उष्टा डाव

टाम्पेरेत रात्रीचे दहा, तरी काचेवर ऊन.
पडद्यावर काळ्या शर्टातला माणूस
नवं यंत्र उचलून दाखवतो.
टाळ्या तिकडे. इकडे
ओइवा चिप्सची पिशवी चुरगाळता चुरगाळता थांबतो.

"डिस्क एकाच नावावर चालेल."
म्हणजे आता खेळाचाही सातबारा.

"मग हे?" टाउनो विचारतो, कुणालाच नाही.
तीनशे डब्या, सगळ्या उष्ट्या,
आठ-आठ युरोंच्या.

ओइवानं मागे इथूनच नेलेल्या जुन्या कॅसेटमध्ये
कुणा हेल्मीचा अर्धा डाव निघाला:
पूल ओलांडलेला,
कंदिलात तेल थोडं, घोडा धापा टाकत.
पुसला नाही त्यानं.
आपला मांडला, तिच्या खाली.

अजून कधीतरी तिचा उघडतो,
घोडा बघतो,
न खेळताच बंद करतो.