तीन ब्रास

एप्रिलात एलटीसीवर समुद्र बघून आलो.
नागपूरहून कुठलाही समुद्र गाठायचा
तर आधी एक अख्खी रात्र रेल्वेला द्यावी लागते.
ती दिली. तिकडे वाळूच्या टेकड्या निघाल्या,
तीन-तीन मजली, वाऱ्याने एकाच बाजूने तासलेल्या,
आणि पायथ्याशी एक मुलगा घसरायच्या फळ्या भाड्याने देत होता.
माणशी चारशे. मेण वेगळं.

मी चढले. हे आधीच सांगून टाकते, चढले मी.
पाऊलभर वर, अर्धं पाऊल खाली,
चप्पल हातात, फळी काखेत,
आणि ट्रेझरीतल्या सगळ्या बायका खालून मोबाइल रोखून.
वर तो म्हणाला, गुडघे वाकवा मॅडम,
भार मागच्या पायावर. समोर बघा, खाली नाही.
समोर समुद्र होता.
एवढा होता
की माझे गुडघे नेमके कुठे आहेत तेच कळेना.

फळी काखेत मारून चालत उतरले.
चारशे त्याने परत दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.
फोटोत मात्र मी वरच उभी आहे.
तो ऑफिसात काचेखाली ठेवलाय. कसं वाटलं हो घसरताना?
मी म्हणते, वाऱ्यासारखं.

आता मे. पारा सत्तेचाळीस.
कूलरला वाळा, दाराशी वाळू:
बेसा रोडला आमची स्कीम उभी राहतेय
आणि हप्ते भरणाऱ्या बाईला
रात्री साडेअकरालाही तिथे जाऊन बघायचा हक्क आहे.
गेटसमोर कन्हानची वाळू पडलेली, तीन ब्रास,
माझ्या डोक्याहून वीतभर उंच.
वरून अजून भाजत होती, आतून ओली.
शेंड्यावर खळगा करून एक कुत्रं झोपलेलं.

चौकीदार झनकलाल पटले, आमगावचा.
काय करून राह्यल्या मॅडम?
घसरायचंय, म्हटलं.
तो हसला नाही. आधी कुत्रं उठवलं,
मग सेंट्रिंगच्या प्लायचा एक तुकडा शोधून आणला,
तेलाने काळाकुट्ट झालेला.
बसून जा, म्हणाला, उभ्यानं तं पोट्टे बी पडते.

उभीच राहिले.
गुडघे होते, जागच्या जागी.
समोर पाण्याचा टँकर, तोटी गळत असलेला,
खाली एक पालथं घमेलं.
एवढ्याला भ्यायचं ठरवलं असतं तर भ्याले असते.

अडीच हात.
मग प्लाय रुतली आणि पुढचं मी प्लायशिवाय गेले.
कोपर सोललं. दातांत कचकच,
जिभेवर बारका शिंपला आला, नखाएवढाही नाही,
खारट नव्हता.
झालं? त्याने विचारलं.
नाही, म्हटलं.

पाच-सहा वेळा तरी झालं असेल, मी मोजलं नाही.
ढिगाचं धिरडं झालं.
सकाळी सुपरवायझर मलेच बोलन, झनकलाल म्हणाला
आणि फावडं घेऊन तीन ब्रास पुन्हा उभी करायला लागला,
मी टॉर्च धरला.
मधेच थांबून, घाम पुसत,
तिकडं समुद्रावर बी असंच करते का, रोज रोज?
तिकडे वारा करतो, म्हटलं.
पगारी? म्हणाला.
कुत्रं नव्या शेंड्यावर जाऊन तीनदा गोल फिरलं, बसलं.

गुरुवारी स्लॅब पडला. ती वाळू आता
चारशे दोनचं छत आहे, म्हणजे माझंच.

ऑफिसात लांजेवारबाईंनी कोपर बघितलं.
बाई गं, महिना झाला, समुद्राची जखम अजून ओलीच?
काचेखालच्या फोटोवर मी फाईल सरकवली.
ही कन्हानची, म्हटलं.
त्यांना काय कळलं कुणास ठाऊक,
ड्रॉवरमधून हळद काढून दिली.