भिंतीवरची क्रमवारी

हर्णैच्या बर्फ कारखान्याची उत्तरेकडची भिंत
बारा महिने घामेजलेली असते.
तिच्यावर कॉलेजांचे नंबर लिहायचं काम माझं,
म्हणजे लाद्यांचा हिशेब ठेवणाऱ्याचं,
कारण खडू माझ्याकडे असतो.

एक चिपळूण. दोन खेड. तीन गुहागर.
दापोलीला चौथं ठेवलं तेव्हा
हरेश्वर तांडेल दोन दिवस बोलला नाही.
त्याचा पोरगा दापोली कॉलेजात,
कबड्डीशी त्याचा संबंध एवढाच
की मैदानालगतच्या टपरीवर बसतो.

मंडणगड सातवं.
सातच कॉलेजं होती.

बुधवारी मंडणगडने चिपळूणला पाडलं.
उपांत्य सामन्यात, शेवटच्या चढाईत, एका गुणाने.
बातमी आली तेव्हा गाड्यांवर बर्फ चढत होता
आणि बैल सोडून सगळे एकदम बोलायला लागले.

"नशीब," तांडेल म्हणाला,
"चिपळूणचा उजवा कोपरा तापाने झोपलेला."
अन्वर मुकादम कॉम्प्रेसरला तेल पाजत होता,
मान वर न करता बोलला,
"नशिबाला दम धरता येतो का रे तीस सेकंद?"

भालूचं म्हणणं, मॅटवर खेळवलं तिथेच घोळ,
मातीवर चिपळूणला कुणी हात लावून दाखवावा.
कुणीतरी म्हणालं, मंडणगडच्या पोरांनी तर
मॅट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.
भालू बिडी शोधायला लागला.

मग खरा वाद.
एक नंबरला हरवलं म्हणजे एक नंबर झालं का?
आणि खेडनं गेल्याच महिन्यात मंडणगडला
वीस गुणांनी धुतलं, दोन लोण चढवून,
ते कुठल्या खात्यात लिहायचं?
बर्फ वितळत होता. गाडीवाला ओरडत होता.
चांगुणा टोपल्या मोजता मोजता थांबली,
"नंबर लावलेस कुणाला विचारून?
तुझा खडू गेलेला काय कधी चढाईला?"

मी मंडणगड पुसून तिसरं लिहिलं.
ओल्या भिंतीवरून जुना सात पुरता गेला नाही,
तीनच्या पोटातून दिसत राहिला.

शुक्रवारी पहाटेच्या भरतीला होड्या सुटल्या.
फायनल शनिवारी.
सुवर्णदुर्ग मागे टाकून दोन तास गेलं
की मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी, उजेडापुरती.
तांडेलने खेडवर दोन पापलेटं लावली,
भालूने मंडणगडवर;
बिडी सापडेपर्यंत त्याचं मत फिरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी निकाल मला कळला.
खडू घेऊन भिंतीपुढे उभा राहिलो.
आत कॉम्प्रेसर धापा टाकत होता.
आणि तिकडे, वीस वाव पाण्यावर,
अजून काहीच घडलेलं नव्हतं.
जाळं ओढता ओढता तांडेल एकेक मोहरा मांडत असेल,
खेडचा चढाईबहाद्दर मध्यरेषेवर
वाकून माती कपाळाला लावत असेल,
मॅटवर माती नसते हे विसरून.
मी खडू खिशात ठेवला.

मंगळवारी माणसं दिसायच्या आधी आवाज आला पाण्यावरून:
"डावा कोपरा कच्चाच हाय खेडचा!"
चार दिवसांत त्यांनी फायनल नऊ वेळा खेळली होती,
पाचदा खेड, तीनदा मंडणगड,
एकदा बरोबरी, कारण जाळ्यात काहीतरी अडकलं.

तांडेल कमरेभर पाण्यात उतरला.
भाव विचारला नाही, घर विचारलं नाही.
"कोण?"

"बर्फ किती उरला ते आधी सांगा," मी म्हटलं,
"नोंद करायचीय."

त्याच्या मागे भालू, छातीशी पेटी,
तिच्यात बाकी मासळीपासून वेगळी,
अजून कुणाचीच नसलेली दोन पापलेटं.
भिंतीवर पहिल्या नंबराची जागा कोरी,
तिच्यावरून पाणी ओघळत होतं.
चांगुणाला निकाल ठाऊक होता.
ती काही बोलली नाही.
पेटीकडे बघत होती,
गिऱ्हाईक बघतं तशी.