नावदिवस, उणे अकरा

आमच्याकडे नावदिवसाला कुणी कुणाला बोलावत नाही,
लोक येतात.
तिथी ठरलेली, अतिथी बेभरवशाचे:
गेल्या साली सात, त्याआधी एकोणीस,
आणि घर म्हणजे एक शेगडी, एक खाट, दीड खिडकी.
म्हणून बाग.
त्सेसिस गावाबाहेर, सफरचंदाच्या सहा नागड्या झाडांखाली
मी, वेल्गा, खुर्च्या मांडते.

सकाळपासून भट्टीत धोंडे.
नदीचे, गुळगुळीत, पावाएवढे.
तापले की जुन्या वर्तमानपत्रात, मग लोकरीच्या फडक्यात,
मग एकेका खुर्चीपुढे, पावलांच्या जागी.
टोप्या सगळेच घालून येतात,
तळव्यांचा विचार कुणी करत नाही,
आणि माणूस गारठतो तो खालून.
बर्फावर आधी स्प्रूसच्या डहाळ्या,
बसायला मेंढीचं कातडं, केस वर.
लिंडनच्या फुलांचा चहा, मध घालून,
पिण्यासाठी थोडा,
हातात धरण्यासाठी जास्त.

फाटकाशी हातमोज्यांची टोपली.
लग्नात मी वाटले होते चाळीस जोड, स्वतः विणलेले.
त्यातले काही परत आले,
माणूस गेल्यावर, धुऊन, घडी घालून.
तेच ठेवते. ज्याला बसतील त्याचे.

यंदा चौदा आले.
पंधरावा मोद्रिस, शेजारचा.
तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं,
त्याचं नवं कुंपण माझ्या बेदाण्याच्या झुडपांत
दोन हात आत आलं तेव्हापासून.
पण नावदिवसाला आलेल्याला परत पाठवत नाहीत.
उजेड संपतो तिथे उभा राहिला,
ना मोजे घेतले, ना खुर्ची.

आणि नेमकं सरपण ओलं.
भाच्यानं, राइतिसनं, रात्री ताडपत्री उघडी टाकलेली.
बर्चची साल तेवढी भडकली, मग नुसता धूर,
चौदा जणांचे डोळे गळायला लागले
जसं काही कुणी गेलंय.
धोंडे कोमट झाले.
स्कायद्रीते, चौऱ्याऐंशीची, ओठ जांभळे.
म्हटलं, मावशी, आत चला.
म्हणाली, आत मी रोजच असते.

मोद्रिस निघून गेला.
मला वाटलं, बरं झालं.
मग अंधारातून आवाज:
करकर, एक ठोका, करकर,
कुणीतरी दार उपटतंय असा.
आला तेव्हा काखेत चार फळ्या,
उभ्या, वाऱ्यात वाळलेल्या, करड्या.
"रंग दिला नव्हता कधी," तो म्हणाला,
"धूर होणार नाही. खिळे काढलेत."
तीन वर्षांत एवढंच.

आणि काय जळलं ते!
सुकं लाकूड भांडणासारखं पेटतं,
एकदम, चहूबाजूंनी, सगळ्यांना जवळ ओढत.
खुर्च्या सरकल्या. राइतिस भुईवर बसला.
स्कायद्रीतेनं हातमोजे काढून बोटं ज्वाळेपुढे धरली,
विस्तवाला अंगठी दाखवावी तशी.
मी भट्टीतून शेवटचा धोंडा काढला,
घाईत कागदात गुंडाळायचा राहिला,
नुसत्या फडक्यात बांधून मोद्रिसच्या पायांशी ठेवला.
आभार मानले नाहीत.
त्यानं बूट काढले.
एका मोज्याला भोक होतं, अंगठ्याशी.

तो कधी गेला ते पाहिलं नाही.
पहाटेपर्यंत वर आणखी बर्फ,
कुंपणात चार फळ्यांएवढी फट,
आणि फटीतून सशाची पावलं,
त्याच्याकडून माझ्याकडे, सरळ बेदाण्यांपर्यंत.
हद्द मोजायची दोरी कोठीत खुंटीवर आहे.
असू दे.

राख झाडांना घालते मी, म्हणून चाळायला बसले.
चाळणीत तीन खिळे.
आणि म्हणे, काढलेत.