पल्ला

टेकडीवर कमरेएवढा खांब आहे, सिमेंटचा,
माथ्यावर पितळी खिळ्याचं भोक.
खिळा कोणी नेला. भोकात पावसाळ्यात
दोन घोट पाणी राहतं, त्यावर चिमण्या येतात.
एका अंगाला शेंदूर.
तलाठी म्हणतो, मोजणीचा दगड.
नकाशात नाही.

दुसरा खाली, देवरावच्या तुरीत,
चारशे बारा पावलांवर.

समुद्र इथून आगगाडीनं एक रात्र
आणि वर अर्धा दिवस.
चिंधू बावणे तिथं होता, लढाईच्या सालांत,
किनाऱ्यावरच्या तोफखान्यात. तोफेवर नव्हे,
तोफेपासून लांब, कड्यातल्या एका फटीमागं,
येणाऱ्या बोटीचा कोन वाचायला.
चार वर्षं वाचला. सगळ्या बोटी आपल्याच निघाल्या.
सरावाला दोरानं ओढलेल्या फळकुटावर तोफ सुटायची,
डावा कान त्यातच गेला.

पुढं कालव्याचं काम निघालं.
उरलेलं सिमेंट त्यानं बंडीतून आणलं, दोन खेपा.
गाव हसलं.
"चिंधू, समुद्र येऊन राह्यला का बे इकडं?"
त्यानं उजवा कान वळवला नाही.

मी बारा वर्षांचा, खालच्या खांबाशी,
कंपासपेटीतला कोनमापक, मधोमध दाभण.
वरून लाल फडकं पडायचं: आता!
दोघांनी एकाच क्षणी, एकाच वस्तूकडं.
मालगाडीचा शेवटचा डबा.
नाल्यावरच्या सिंदीचा शेंडा.
बगळा नको, बगळा थांबत नाही.
चैतात उपटलेल्या पऱ्हाटीच्या रानावर
ऊन लवलवायचं, पाणी व्हायचं,
त्यातून एखादी लग्नाची बंडी
बिनचाकाची तरंगत यायची.
"जहाज," तो म्हणायचा. "आपलंच हाय. तरी मोज."

एकदा मी विचारलं, कायले?
तो बराच वेळ चिलमीत काडी घालत बसला.
"एकट्याले दिसते सारं," म्हणाला,
"किती दूर हाय, थे नाही समजत."

वही माझ्याकडं आहे. तीन रकाने:
त्याचा कोन, माझा कोन, पल्ला.
शेवटच्या पानावर त्याचा आहे, अठ्ठावन्न.
कशाचा, लिहिलं नाही.
माझा रकाना कोरा.
मी आर्वीला गेलो होतो, सायकलचं टायर आणायला.

आज चढलो. गुडघे कुरकुरतात.
भोकात दाभण उभं केलं,
नव्या पाण्याच्या टाकीवर नजर धरली: एकसष्ट.
खाली देवरावचा ट्रॅक्टर
खांबाला वळसा घालून थांबला.
त्यानं हात उंचावला, काय म्हणून.
मी ओरडलो, टाकी! पाण्याची टाकी!
तो सीटवर उभा राहिला,
कपाळावर हात धरून तिकडं बघत राहिला.
मग वाऱ्यावर त्याचा आवाज, तुटका:
"दिसून राह्यली! मंग?"