भूमिका : हात

सातपूरच्या बंद पडलेल्या बेअरिंग कंपनीत
त्यांनी हॉस्पिटल उभं केलंय.
प्लायवूडच्या भिंती, सलाईनचे स्टँड मात्र खरे,
खिडकीबाहेर कापडावर छापलेली गोदावरी.
तिथं डॉक्टर अद्वय देवस्थळी
रोज रात्री साडेआठला माणसं वाचवतो.

टाके मी घालतो.

म्हणजे चेहरा त्या नटाचा, मनगटापासून पुढे मी :
रामनाथ आहिरे, ओटी असिस्टंट,
सव्वीस वर्षं सिव्हिलला, आता निवृत्त.
जन्मभर दुसऱ्याच्या हातात कात्र्या दिल्या,
आणि सर्जन दमले की शेवटचे दोन टाके माझे.
इथं व्हाउचरवर नाव लिहितात, रक्कम लिहितात,
आणि भूमिकेच्या रकान्यात : हात.

ऑटोक्लेव्हनं भाजल्याचा जुना डाग होता,
मेकअपच्या पोरीनं तो पुसून टाकला.
‘डॉक्टरांचे हात असे नसतात, काका.’

एक्केचाळिसाव्या भागात त्याचा भूतकाळ आला.
लहानपणी पूर आलेला,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी,
आणि धाकट्या बहिणीची बोटं
एकेक करून याच्या मुठीतून सुटली.
म्हणून तो हसत नाही. म्हणून दारू.
म्हणून लहान मुलगी टेबलावर आली
की त्याचे हात थरथरतात.

तर थरथरा, दिग्दर्शक म्हणाला.

मला येईना.
हातात चिमटा आला की माझा हात खांब होतो,
त्याला कोण काय करणार.
‘आठवा ना काहीतरी, काका.
तुमच्या आयुष्यातलं. वाईट.’

आठवतच होतं.
एका रात्री घाटातून एकोणीस जण आणले.
लाईट दोनदा गेली. सुया मोजून दिल्या,
मोजून परत घेतल्या, एकही कमी नाही.
एका पोरीच्या मुठीत शेंगदाण्यांची पुडी होती.
ती सोडवायला मला किती वेळ लागला
ते घड्याळात बघितलं होतं, नोंदवायचं असतं म्हणून.
हात हलला नव्हता.

हे काही मी त्याला सांगितलं नाही.
तोवर जेवणाची सुट्टी झाली.
नंतर एका पोऱ्यानं खाली बसून टेबलच हलवलं.
छान थरथरलं सगळं. ट्रेसुद्धा.

भाग लागला तेव्हा गोकर्णा मेथी निवडत होती.
शेजारच्या कौतिकबाईंनी पदर डोळ्याला लावला :
‘किती सोसलंय गं बाई त्या डॉक्टरानं.’
कॅमेरा हातांवर आला.
गोकर्णा वर न बघता म्हणाली, खोटंय.
‘अंगठा तुमचाच. पण तुम्ही असं नाही थरथरत.’

मी कुठं थरथरतो, म्हटलं.

कौतिकबाई गेल्या. मग तिनं जवळ येऊन
माझ्या शर्टाचं वरचं बटण धरलं
आणि करून दाखवलं :
बोटं काजापाशी येतात. थांबतात.
चुकतात. पुन्हा येतात.
करंगळी जरा बाहेर राहते, माझी राहते तशी.

‘मोरीत. नळ सोडून.
दर ड्युटीनंतर नाही,
लहान पोरं असली की.’

दाराला फट होती म्हणजे.
कधीपासून बघत होतीस, विचारलं,
तर म्हणाली, यंदा मेथीला माती फार आहे,
आणि पातेलं घेऊन उठली.

सोमवारी परत बोलावलंय.
डॉक्टर आता बरा होणार आहे, एकाच भागात,
जाहिराती धरून पंचवीस मिनिटांत.
फोनवर म्हणाले,
‘काका, या वेळी हात एकदम स्थिर पाहिजे हं.’

ते जमेल, म्हटलं.