गच्चीवरचं वाळवण

कुरडयांच्या खाटेशेजारी
कृत्तिका खोमणेने वर्तमानपत्र पसरलं
आणि त्यावर ओळीने मांडली
लांडग्यांची विष्ठा.
प्रत्येकीखाली चिठ्ठी: तारीख, माळाचं नाव, वेळ.

मी म्हटलं, अगं, भाडेकरारात
मांसाहार चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय.
ती म्हणाली, काकू, मी नाही खाल्लेलं.

तेव्हापासून गच्चीची वाटणी झाली.
दक्षिणेला साबुदाण्याच्या पापड्या,
उत्तरेला सासवड.
कावळ्यांनी पहिल्याच दिवशी उत्तर निवडली.

वाळलेलं ती चहाच्या गाळणीत धुते
(गाळणी वेगळी, हे मी तीनदा विचारून घेतलं)
मग खाली उरतात केस, नखं, उंदराचा दात,
आणि हिवाळ्यात बोराच्या बिया.
लांडगा बोरं खातो
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं,
तेही कर्वेनगरात.

बहुतेकदा मात्र मेंढी.
वहीत 'मेंढी' लिहिताना
तिचं पेन जरा थांबतं.
आजोबांची खांडं अजून जेजुरीकडे फिरतात.
ते म्हणायचे म्हणे,
"कळपातलं एक त्येचं आसतंय.
त्येला मोजता येत न्हाई,
म्हून कवा कवा दोन नेतंय."

चैत्रात एका रात्री तिचा फोन वाजला.
दिवे घाटाच्या वर, टेम्पोची धडक,
मादी, अजून हलतेय.
जिन्यात चप्पल शोधत ओरडली,
काकू, जाडसं पांघरूण आहे का?
माझ्या हाताला आलं ते
ह्यांचं घोंगडं.
सोळा वर्षं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत.
द्यावं का, असा विचार
ती गेल्यावर केला.

उजाडताना आली.
डोळे सुजलेले, कोपरापर्यंत माती.
"जगेल?"
"पाय जाईल, काकू.
डॉक्टर म्हणाले, चार दिवस बघू."
आणि पोह्यांची ताटली पुढ्यात घेऊन
बसल्या बसल्या झोपली.

घोंगडं झटकायला गच्चीवर नेलं.
त्याला डांबराचा वास उरला नव्हता,
दुसराच कुठला तरी होता, ओल्या गवतासारखा,
थोडा रक्ताचा.
विणीत एक केस अडकलेला,
बुडाशी फिका, टोकाला काळा.

झटकलं नाही.
तिच्या कागदावर, ओळीच्या शेवटी
तो केस ठेवला, वर खडा ठेवला,
चिठ्ठी लिहिली: तारीख. दिवे घाट. पहाट.

कुरडया रात्री काढायच्या राहिल्याच होत्या.
सादळल्या सगळ्या.
असू देत.