तपासणी

गुंड्या गेला त्याला सव्वादोन महिने झाले.
वास गेला नाही.

जेलरोडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
दार उघडलं की आधी तो पुढे येतो,
शेपूट न हलवता.

फिनेल ओतून पाहिलं.
फिनेलचा आणि त्याचा मिळून तिसराच वास झाला.
आधण टाकलं, तर वरच्या बोडकेबाई म्हणाल्या,
"गरम पाण्याने पक्का बसतो गं.
गार पाणी, मग व्हिनेगर, मग खायचा सोडा,
आणि घासू नकोस. टीप.
जखम टिपतात तसं."

व्हिनेगर मावसभावाने दिलं.
तो गंगापूर धरणाकडे एका वायनरीत पिंपं धुतो.
आंबून वाया गेलेल्या पांढऱ्या वाइनचा पाच लिटरचा कॅन.
"तांबडी देत नाही," म्हणाला,
"एक डाग काढशील, दुसरा पाडशील."
तीन रविवार घरात द्राक्षं आंबत होती
आणि द्राक्षांच्या खालून
तो.

अण्णा गॅलरीत बसून म्हणायचे,
"जनावराचं मुतणं फरशीत मुरतं, बाई.
वर्ष लागेल."
अण्णांनी एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई केसभर सरकली तरी
अख्खा ताव बाजूला.
अण्णांचं म्हणणं
आम्ही कधी तपासलं नाही.

शेवटी सानपांच्या मेडिकलमधून
पाचशेच्या नोटा बघायचा छोटा निळा टॉर्च मागून आणला.
रात्री साडेदहाला दिवे घालवले.
अण्णा आत झोपलेले. निदान घोरत होते.

आणि फरशीवर
गुंड्याचं शेवटचं वर्ष उमटलं.
पिवळट हिरवी थारोळी, शिंतोडे,
फरशांच्या सांध्यांतून गेलेल्या बारीक रेघा,
सगळ्यांचं तोंड दाराकडे.
एकही डाग कोपऱ्यात नाही, लपवलेला नाही.
दिवाणापासून निघाला, टीव्हीपाशी चुकला,
चपलांच्या स्टँडशी जवळजवळ पोचलाच होता.
कडी काढायची होती फक्त.
मी पोळ्या लाटत
तिथूनच ओरडत होते.

मग टॉर्च जरा वर गेला.
अण्णांची खुर्ची.
गादीच्या मधोमध ताटाएवढा उजेड.
त्याच्यावर आणखी एक, नवा.
बोट लावलं. कड ओली होती.

गुंड्याला वर्षभर उंबराही चढवत नव्हता.
जिन्यावरून मीच उचलून न्यायचे,
पोटाखाली टॉवेलची झोळी करून.
"गुंड्याने केलं बघ," अण्णा म्हणाले होते,
दिवाळीच्या आधी, याच गादीबद्दल,
आणि मी पेपरची सुरळी केली होती.
तेव्हा तो माझ्याकडे नाही,
अण्णांकडे बघत होता.

मी चौथीत असताना अण्णांनीच सांगितलेलं,
खऱ्या नोटेचा कागद या दिव्यात गप्प राहतो,
खोटा उजळतो.

आतलं घोरणं थांबलं.
"काय गं, लाइट गेली का?"
"हो," म्हटलं,
आणि टॉर्च बंद केला.

सकाळी गादीची खोळ उसवली.
गार पाणी, व्हिनेगर, सोडा.
टिपत राहिले.
दुपारभर गच्चीवर ऊन दिलं,
शेजारी बोडकेबाईंच्या कुरडया वाळत होत्या,
त्यांच्यापासून जरा लांब.

टॉर्च परत करताना सानप म्हणाला, "सापडलं?"
"कुत्र्याचंच," म्हटलं,
आणि मोठ्या माणसांचं डायपरचं एक पाकीट मागितलं.
मध्यम साइज. काळ्या पिशवीत.

ते अण्णांच्या कपाटात ठेवलं, लेंग्यांच्या खाली,
हात गेला तर लागेल असं.

चार दिवसांनी चहा पिताना अण्णा म्हणाले,
"वास कमी झाला गं."
"राहील अजून थोडा," मी म्हटलं,
"गुंड्याचाच तो."

ते काही बोलले नाहीत.
बशी खाली ठेवली, आणि खुर्चीच्या बाजूला
एक हात सोडून दिला,
गुंड्याचं डोकं असायचं
तेवढ्या उंचीवर.